करसवलतीचा धनी कोण?

१ एप्रिल २०१९ पासून बांधकाम चालू असलेल्या सदनिकांवरील वस्तू व सेवा कराचे दर उतरविण्यात आले. ‘परवडणाऱ्या’ घरांवर ८ टक्क्यांऐवजी १ टक्का आणि इतर घरांवर १२ टक्क्यांऐवजी ५ टक्के. मध्यमवर्गाला दिलासा मिळाल्याचा गजर झाला. ह्या दरांना जोडलेली अट मात्र बिल्डरांच्या जाहिरातींत सहसा आढळत नाही.

सिमेंट, पोलाद, रंग आदी मालावर भरलेल्या कराची वजावट बिल्डरला पूर्वी मिळत असे. नव्या दरांबरोबर ती काढून घेण्यात आली. सिमेंटवर तेव्हा २८ टक्के कर होता, पोलादावर १८. हा कर नाहीसा झाला नाही. तो सदनिकेच्या किमतीत मुरला. पावतीवर एक टक्का वाचून समाधान मानणाऱ्या ग्राहकाला किमतीच्या पोटात दडलेला हा दुसरा कर दिसत नाही. जुन्या व्यवस्थेत वजावटीचा लाभ ग्राहकाला देण्याचे बंधन कायद्याच्या १७१व्या कलमाने घातले होते. ते पाळण्यात बिल्डरांनी चुकारपणा केला आणि नफेखोरीविरोधी प्राधिकरणाला त्यांच्याविरुद्ध आदेश काढावे लागले, हे खरे. परंतु ऋणको कर्ज फेडीत नाही म्हणून धनकोचे येणेच रद्द करावे, असा हा न्याय झाला.

त्याचे फळ २२ सप्टेंबर २०२५ रोजी दिसले. सिमेंटवरील कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. बांधकामाचा खर्च त्या प्रमाणात उतरला. पण सदनिकेवरील कराचा दर बदललेला नसल्याने आणि वजावट आधीच गेलेली असल्याने ग्राहकाने कोणत्या आकड्यावर बोट ठेवून आपला वाटा मागावा? शिवाय नफेखोरीच्या नव्या तक्रारी घेणे १ एप्रिल २०२५ पासूनच बंद झाले होते. सवलत येण्यापूर्वी पहारेकरी रजेवर गेला.

‘परवडणारे’ ह्या शब्दाची व्याख्याही पाहण्यासारखी आहे. २०१९ साली ती ठरली तेव्हा किंमत ४५ लाखांपर्यंत आणि चटईक्षेत्र महानगरांत ६० चौरस मीटर, अन्यत्र ९० चौरस मीटरपर्यंत, अशा मर्यादा घातल्या गेल्या. (महानगरांच्या यादीत मुंबई प्रदेश आहे, पुणे नाही.) क्षेत्रफळात फरक केला, किमतीत नाही. बदलापूरला आणि दादरला एकच ४५ लाख! ह्या रकमेत वाहनतळ व इतर आकारही धरले जातात. ४५ लाखांच्या घरावर कर ४५ हजार. ४६ लाखांच्या घरावर २ लाख ३० हजार. किंमत एका लाखाने वाढली की कर १ लाख ८५ हजारांनी वाढतो. बेताच्या पगाराचा कामगार नेमका ह्या कड्यावर उभा असतो.

कॅनडात असेच घडले. तेथे १९९१ साली नव्या घरांवरील कराचा अंशतः परतावा देताना साडेतीन लाख डॉलरची मर्यादा ठरली. त्यापुढे परतावा घटत जाऊन साडेचार लाखांवर तो संपे. घरांच्या किमती कितीतरी पट वाढल्या, तरी तीन दशकांहून अधिक काळ हे आकडे हलले नाहीत. तेथील परतावाही बहुधा बिल्डर स्वतःच्या नावे करून घेतो आणि किंमत सांगताना तो आधीच हिशेबात धरतो. तरीही तेथे निदान उतार आहे, आपल्यासारखा कडा नाही.

ह्याहून मोठा अन्याय भोगवटा प्रमाणपत्राच्या तारखेशी निगडित आहे. प्रमाणपत्र मिळाल्यावर विकलेल्या तयार घरावर हा कर मुळीच लागत नाही. म्हणजे ज्याच्यापाशी सगळी रक्कम तयार आहे तो थांबून करमुक्त घर घेतो. आणि जो हप्त्याहप्त्याने पैसे भरतो, रखडलेल्या इमारतीचा धोका पत्करतो, घरभाडे व कर्जाचे व्याज एकदम सोसतो, त्याच्याकडून सरकार प्रत्येक हप्त्यावर कर घेते. किंमतमर्यादा दरवर्षी स्थानिक भावांनुसार ठरवावी, कर पायरीपायरीने वाढावा आणि पहिले घर घेणाऱ्याचा परतावा बिल्डरच्या हिशेबातून न जाता थेट त्याच्या बँकखात्यात जमा व्हावा. ह्या तीन मागण्यांसाठी वस्तू व सेवा कर परिषदेत महाराष्ट्र शासनाने आग्रह धरण्यास कोणतीही घटनात्मक अडचण नाही.