अहो, कुत्रंच ना ते!

आमच्या टेंभुर्णीत माणूस आजारी पडला की समाचाराला माणसं येतात, हे सूर्य पूर्वेला उगवतो इतकं पक्कं आहे. मला मागे साधी कावीळ झाली, तेव्हा येणाऱ्यांच्या चहापायी सौ.ला दुधाचा रतीब वाढवावा लागला होता. कुणी शहाळं आणलं, कुणी गंडा आणला. एक गृहस्थ तर "जपा गुरुजी, आमच्या मेव्हण्याचं असंच सुरू झालं होतं" असं म्हणून, मेव्हण्याचं पुढं काय झालं ते न सांगताच उठून गेले.

गेल्या वर्षी आमच्या खंड्याला कावीळ झाली. खंड्या म्हणजे आमचा कुत्रा. वय सहा, जात गावठी, स्वभाव सरळ. त्याच्यासाठी साऱ्या गावाकडं मिळून एकच वाक्य होतं : "अहो, कुत्रंच ना ते!"

या वाक्याशी माझं भांडण आहे आणि आज मी ते चारचौघांत करणार आहे.

आधी आजार सांगतो. आमचं घर हायवेपासून हाकेच्या अंतरावर. हंगामात उसाचा ट्रॅक्टर दिसला की त्याच्यावर भुंकायचं, हा नेम खंड्यानं कधी चुकवला नव्हता. एका सकाळी दोन ट्रॉल्या गेल्या आणि हा नुसता बघत राहिला. ओठ उचलून पाहिला तर हिरड्या पांढऱ्याफटक. लघवी कोऱ्या चहासारखी. आमच्या इथल्या जनावरांच्या डॉक्टरांची सारी हयात गाई-म्हशींत गेलेली. पण माणूस जाणता. त्यांनी काचेवर रक्ताचा थेंब घेतला, त्यात सलाइनचे थेंब घातले, काच हलवली. थेंबात रवे दिसू लागले. तांबड्या पेशी एकमेकींना चिकटून बसल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, "गुरुजी, पुण्याला न्या. उद्या नाही, आजच."

या दुखण्यात शरीराची राखण करणारी शक्तीच उलटते आणि आपल्याच रक्तातल्या तांबड्या पेशी फोडत सुटते. म्हणजे गुरखा ठेवावा आणि त्यानं चोर समजून घरच्यांनाच काठीनं बडवावं! जन्मात कुणाला न चावलेल्या कुत्र्याच्या पोटात असला चावरा राखणदार निघावा, याला काय म्हणायचं? कधी गोचीडतापाचं निमित्त होतं, तर कधी कारण सापडतच नाही.

पुण्यात रक्त तपासलं. कुत्र्याच्या रक्तात तांबड्या पेशींचा भाग शंभरात साधारण 37 ते 55 असावा लागतो. खंड्याचा होता 14. मी तीस वर्षं गणित शिकवलं आहे. 14 गुणांचं पोर पुढं ढकलायचं म्हणजे काय, ते मला कुणी सांगायला नको.

उपचार सुरू झाले. रक्त चढवायचं, प्रेडनिसोलोनच्या गोळ्या द्यायच्या. शिवाय गुठळ्या होऊ नयेत म्हणून आणखी एक गोळी. कारण या आजारात रक्त कमी असतंच, वर आहे त्याच्या गुठळ्या होतात. पहिले दोन आठवडे फार कठीण, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. आठ दिवसांनी त्याला घरी आणलं. आता आठवडा-पंधरवड्याला तपासणी, आणि पुणं आमच्यापासून दीडशे किलोमीटरच्या वर. आणि मग समाचाराला माणसं येऊ लागली. खंड्याच्या नव्हे, माझ्या डोक्याच्या!

पहिला वर्ग हिशेबनीसांचा. "किती गेले?" हा प्रश्न ते चपला काढण्याआधी विचारतात. "एवढ्यात एक म्हैस आली असती!" आली असती. पण मला म्हैस नको होती. या मंडळींचा एक मुद्दा मात्र मी टाळणार नाही. इथं माणसाला औषधाला पैसा नाही आणि तुम्ही कुत्र्यावर उधळता, असं ते म्हणतात. ज्याच्या घरी खरोखर औषध अडलंय, त्यानं असं म्हटलं तर मी मान खाली घालीन. पण म्हणणाऱ्याचा स्वतःचाच वाढदिवसाचा फ्लेक्स चौकात लागलेला असतो, डोळ्यांवर गॉगल आणि खाली एकोणतीस शुभेच्छुक. त्या फ्लेक्सच्या पैशात कुणाचं औषध आलं असतं, हे त्याला कुणी विचारत नाही. आणि मी काही वर्गणी मागायला आलो नव्हतो.

दुसरा वर्ग वैद्यांचा. हा जास्त धोक्याचा. आमचा सोलापूर जिल्हा कांद्याचा, त्यामुळे सगळ्या रोगांवर कांदा. "कांद्याचा रस पाजा गुरुजी, रक्त सरसर वाढतंय!" दुसरे म्हणाले लसूण ठेचून द्या, गोचीड पळतात. एक मावशी तर मोठ्या मायेनं कडक भाकरी आणि शेंगांची चटणी घेऊन आल्या. चटणीत लसूण! मंडळी, कांदा आणि लसूण, कच्चा असो, शिजवलेला असो, नाहीतर वाळवलेला, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. चांगल्या कुत्र्यालाही तो बाधतो. इथं तर आधीच घराला आग लागलेली, आणि हे शेजारधर्म म्हणून रॉकेल घेऊन आलेले. सौ.नं चटणी आमच्या ताटात वाढली. चव उत्तम होती.

तिसरा वर्ग मोकळं करणारांचा. "एक इंजेक्शन द्या आणि सोडवा बिचाऱ्याला." कधी कधी तेही करावं लागतं, मी नाही म्हणत नाही. पण तो निर्णय घरच्यांनी डॉक्टरांच्या समोर बसून, डोळे पुसत घ्यायचा असतो. तो पानाच्या टपरीवरून ओरडून सांगायचा नसतो.

आता गंमत बघा. सल्ला देणारे इतके, पण उपयोगी पडला तो एक शब्द न बोलणारा. हायवेवरचा एक धाबेवाला. त्याचा कुत्रा म्हणजे तीस किलोचा धटिंगण. रक्त देणारा कुत्रा साधारण 25 किलोच्या वरचा, तरणा, निरोगी आणि लस टोचलेला लागतो, त्याचीही गोचीडतापाची तपासणी होते, एवढं त्यानं ऐकून घेतलं. रात्री दहा वाजता जीप दारात. मागं त्याचा शेरू, पुढं तो. पहाटे पुण्यात शेरूनं पिशवीभर रक्त दिलं आणि बक्षीस म्हणून वाटीभर खाणं चट्ट केलं. परतीच्या वाटेवर भिगवणला चहा घेताना तो पहिल्यांदा बोलला, "साखर कमी हाय." मला त्या वाक्यानं जो धीर आला, तो साऱ्या गावाच्या उपदेशानं आला नव्हता.

दुसरी मदत शेजारच्या नववीतल्या पोरीची. तिनं कॅलेंडरवर गोळ्यांच्या खुणा करून दिल्या. कारण या गोळ्या कुत्रा बरा दिसला म्हणून एकदम बंद करता येत नाहीत. महिनोन्‌महिने हळूहळू उतरवाव्या लागतात. त्या पायी खंड्या बादलीभर पाणी प्यायचा आणि रात्रीतून चारदा बाहेर जायचा. भूक तर अशी, की भाकरीची टोपली उंचावर टांगावी लागली. एका रात्री मी पेंगत अंगणात उभा होतो, तेव्हा त्या पोरीचे वडील म्हणाले, "गुरुजी, तुम्ही झोपा. आज मी थांबतो." यापेक्षा मोठी मदत मला अजून ठाऊक नाही.

पुण्याच्या दवाखान्यात एक कुटुंब भेटलं होतं. त्यांची कुत्री पाचव्या दिवशी गेली. सारं केलं, वेळेवर केलं, तरी गेली. त्यांची मुलगी बाकावर बसून "माझ्यामुळं गेली का?" एवढंच विचारत होती. आणि एक नातेवाईक फोनवर मोठ्यानं म्हणाले, "रडायचं काय त्यात? दुसरं आणू!" त्याच दिवशी आणखी एक माणूस पैसे संपले म्हणून कुत्र्याला कांबळ्यात गुंडाळून घरी घेऊन गेला. त्याला निर्दय म्हणणारेही तिथं होतेच. या दोघांना उपदेश नको होता. "तुमची चूक नाही" एवढे तीन शब्द हवे होते. आणि त्यांना पैसे पडत नाहीत.

एरवी आमचा मुलूख काय साधासुधा आहे? पंढरपूरचा रस्ता आमच्या चौकातून फुटतो. कोरडी पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागं तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आमचेच. अक्कलकोट, गाणगापूरच्या वाऱ्या करणारे आम्हीच, आणि दत्ताच्या तसबिरीतल्या चार कुत्र्यांना उदबत्ती ओवाळणारेही आम्हीच. तसबिरीतलं कुत्रं म्हणजे वेद, आणि दारातलं कुत्रं म्हणजे "अहो, कुत्रंच ना ते!"

होय, कुत्रंच ते. माणूस नाही, हे मला कळतं. पण आजारी कुत्र्यामागं रात्रभर जागणारा माणूसच असतो. समाचार त्याचा घ्यायचा असतो.

खंड्या सध्या पाव गोळीवर आहे. दुखणं उलटू शकतं, म्हणून रोज सकाळी मी त्याचा ओठ उचलून हिरड्या बघतो आणि तो मला शहाणा समजून सोडून देतो. ट्रॅक्टरवर पुन्हा भुंकतो. तेव्हा मंडळी, समाचाराला अवश्य या. चहा मिळेल, साखर बेताची असेल. चटणी तेवढी माझ्या हातात द्या.