शिक्षा हवीच, पण नियम आधी

प्रति,
युवा व्यवहार आणि क्रीडा मंत्रालय,
नवी दिल्ली



डिसेंबर 2022 मध्ये ई-स्पोर्ट्स आपल्या खात्याकडे आले. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली, ई-स्पोर्ट्सला मात्र खेळ म्हणून मान्यता दिली आणि स्पर्धांची मार्गदर्शक तत्त्वे ठरवण्याचे काम आपल्यावर सोपवले. त्या तत्त्वांत खेळाडूंचे वर्तन आणि शिक्षा यांना पहिले स्थान द्यावे, ही विनंती.

शिक्षा सौम्य करा, असे मी म्हणत नाही. 2018 साली शांघायच्या एक्स्ट्रीम्सलँड स्पर्धेत काउंटर-स्ट्राइकचा सामना चालू असताना ‘ऑप्टिक इंडिया’चा ‘फोरसेकन’ हा खेळाडू पकडला गेला. आपोआप नेम साधणारा प्रोग्रॅम त्याने ‘वर्ड’ या साळसूद नावाखाली लपवला होता. गैरप्रकारांवर लक्ष ठेवणाऱ्या ‘एसिक’ या संस्थेने त्याच्यावर पाच वर्षांची बंदी घातली. ती योग्यच होती. पण संघ बाद झाला, पुढे गुंडाळलाही गेला आणि एकाच्या लबाडीची किंमत चौघा सहकाऱ्यांनीही मोजली. अशा वेळी बाकीच्यांनी दाद कुठे मागायची, हे नियमात लिहिलेले असले पाहिजे.

नियम मोघम असला की शिक्षा आयोजकाच्या मर्जीवर जाते. 2019 मध्ये ‘हार्थस्टोन’ या गेमचा खेळाडू ‘ब्लिट्झचंग’ याने सामन्यानंतरच्या मुलाखतीत हाँगकाँगच्या आंदोलनाला पाठिंबा दिला. हा गेम बनवणाऱ्या ब्लिझार्ड कंपनीने त्याला वर्षभरासाठी बाहेर काढले आणि बक्षिसाची रक्कमही रोखली. जगभर ओरड झाल्यावर काही दिवसांतच बंदी सहा महिन्यांवर आली आणि रक्कम परत मिळाली. नियम तोच आणि कृत्यही तेच असताना शिक्षा निम्मी होत असेल, तर तिला न्याय कसे म्हणायचे? खेळ कंपनीच्या मालकीचा, स्पर्धा तिची आणि निवाडाही तिचाच, ही या क्षेत्राची मूळ अडचण आहे.

उलट उदाहरणही आहे. 2020 मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या 37 प्रशिक्षकांनी खेळातल्या एका तांत्रिक दोषाचा गैरफायदा घेतल्याचे उघड झाले. ‘एसिक’ने सगळ्यांना एकाच मापाने मोजले नाही. किती फायदा उपटला त्यानुसार शिक्षेच्या पायऱ्या ठरवल्या, आपणहून कबुली देणाऱ्यांना आणि तपासात मदत करणाऱ्यांना सवलत दिली आणि हिशेब जाहीर केला. क्रिकेटमध्ये आयसीसीच्या आचारसंहितेतही गुन्ह्यांचे चार स्तर आणि डिमेरिट गुण आहेत. कोणत्या वागणुकीला काय शिक्षा, हे खेळाडूला मैदानात उतरण्याआधी माहीत असते.

आपल्याकडे हे अधिक निकडीचे आहे, कारण इथले कितीतरी खेळाडू अजून शाळा-कॉलेजात आहेत. सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने रागाच्या भरात दिलेली शिवी आणि पैसे घेऊन मुद्दाम हरलेला सामना यांना एका तराजूत तोलता येणार नाही. मात्र शिवीगाळ किरकोळ म्हणून सोडूनही देऊ नका. व्हॉइस चॅटवर मुलीचा आवाज ऐकू येताच सुरू होणारी अश्लील शेरेबाजी कित्येक मुलींना या खेळातून हुसकावते.

म्हणून मागण्या अशा: गुन्ह्यांचे स्तर आणि शिक्षा स्पर्धेआधी जाहीर कराव्यात. नियमावली मराठीसह भारतीय भाषांत द्यावी. आरोपी खेळाडूला पुरावा दाखवून बाजू मांडू द्यावी आणि तो अल्पवयीन असल्यास पालकांना सोबत घ्यावे. अपील आयोजक आणि गेम कंपनी यांच्याशी संबंध नसलेल्या समितीपुढे चालावे. प्रत्येक निकाल कारणांसह प्रसिद्ध व्हावा.

आशियाई क्रीडा स्पर्धांत आता ई-स्पोर्ट्सला पदके मिळतात. तिथे तिरंगा घेऊन जाणाऱ्या मुलांना आधी घरच्या स्पर्धांत न्याय मिळाला पाहिजे. अशी आचारसंहिता आपण लवकरात लवकर लागू करावी.

आपला नम्र,
एक ई-स्पोर्ट्सप्रेमी