होऽऽऽ म्हणण्याची सवय



आपल्या शाळेत दिवसभरात सर्वांत जास्त वेळा कोणता शब्द उच्चारला जातो, हे कुणी मोजले आहे काय? मी मोजले आहे. परवाच्या मंगळवारी परिपाठापासून खिचडीच्या सुट्टीपर्यंत मी वहीच्या मागच्या पानावर रेघा मारल्या. आमच्या वर्गाने एका सुरात ‘हो’ म्हटले ते १९ वेळा. ‘नाही समजलं’ असे एकदाही कुणी म्हटले नाही. आता १९ पैकी १९ वेळा सगळ्या वर्गाला सगळे समजले असेल, तर आम्ही सगळेच पहिल्या नंबरात यायला पाहिजे. तसे होत नाही, हे प्रगतिपुस्तकावर सही करणाऱ्यांना माहीत आहेच.

‘समजलं का?’ असे विचारले की ‘होऽऽऽ’ म्हणायचे, ही सवय आपल्याला अंगणवाडीपासून लागलेली आहे. तिला एक चालसुद्धा आहे. शेवटच्या रांगेतले तर गुरुजींचा प्रश्न पुरा व्हायच्या आत ‘हो’ म्हणून मोकळे होतात. एकदा गुरुजींनी मुद्दाम विचारले, ‘आज रविवार आहे का?’ तरी निम्म्या वर्गाने ‘होऽऽऽ’ केले! सगळे हसलो. पण मला त्या दिवसापासून हा विषय डोक्यात बसला.

मागच्या वर्षीची गोष्ट सांगते. सहावीत अपूर्णांकांची बेरीज चालली होती. छेद समान करून दाखवला, समजलं का विचारलं, आपलं ठरलेलं उत्तर दिलं गेलं. मग फळ्यावर १/२ अधिक १/३ हे गणित दिलं. एकाने जाऊन २/५ असं उत्तर लिहिलं. वरची बेरीज वर, खालची बेरीज खाली. ‘बरोबर आहे का?’ ‘होऽऽऽ!’

तेव्हा एक मुलगा उभा राहिला. तो एरवी कधी बोलत नाही. त्याच्या घरी मेंढरं आहेत, तो शाळेत येतो तोही कधी कधी उशिरा. तो म्हणाला, ‘गुर्जी, मला न्हाय उमगलं. आर्धी भाकरी ताटात हाय. तिच्यात आनि थोडी वाढली, मंग ती आर्धीपेक्षा कमी कशी झाली?’

वर्ग खो-खो हसला. गुरुजी मात्र हसले नाहीत. ते थोडा वेळ फळ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी खरोखरच भाकरीचा गोल काढला, त्याचे सहा भाग केले. अर्धी म्हणजे तीन तुकडे, तिसरा हिस्सा म्हणजे दोन तुकडे, मिळून पाच. सहातले पाच. म्हणजे ५/६. आणि २/५ तर अर्ध्याहूनही कमी! त्या दिवशी बेरीज खरी समजली ती त्या एकट्याच्या ‘न्हाय’मुळे. आमच्या ‘होऽऽऽ’वर ती संपली असती तर आम्ही आजही वर-वर, खाली-खाली करत बसलो असतो.

पण वर्ग हसला कशाला? मला विचाराल तर प्रश्नाला नाही हसला, ‘न्हाय’ला हसला. ‘उमगलं’ला हसला. गुरुजींच्या छडीची भीती आता कुणाला नाही, ती तर २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदच केली. खरी भीती आहे ती एकमेकांच्या हसण्याची. ‘नाही समजलं’ म्हणायला उभे राहावे, तर आधी मनात वाक्य पुस्तकातल्यासारखे जुळवावे लागते. ते जुळेपर्यंत पुढचे गणित सुरू होते. मग कोण उभा राहणार? त्यापेक्षा ‘हो’ सोपे. त्यात शुद्ध-अशुद्ध काही नसते.

गंमत म्हणजे घरी आपण सगळेच ‘न्हाय’ म्हणतो. फाटकाच्या आत आलो की पाहुणे होतो. व्यंकटेश माडगूळकर हे आपल्याच आटपाडी तालुक्यातल्या माडगुळ्याचे. त्यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ साली निघाली. मेंढपाळांच्या वाडीवर शाळा चालवायला आलेल्या एका तरुण मास्तराची ती गोष्ट आहे, आणि त्यातली माणसे आपल्यासारखीच माणदेशी बोलतात. एवढ्या मोठ्या लेखकाला जी बोली चालली, ती तिसऱ्या रांगेतल्या मुलाने शंका विचारायला वापरली तर आपल्याला हसू का यावे? लिहिताना पुस्तकी लिहावे, पेपरात मार्क त्याचेच मिळतात. पण शंका जशी मनात येते तशीच बाहेर येऊ द्यावी, असे माझे मत आहे.

आता पालकांकडे वळते. रागावू नका. आम्ही वर्गात जे तोंडाने करतो, तेच तुम्ही मोबाईलवर अंगठ्याने करता!

आता सगळ्या शाळांचे व्हॉट्सअ‍ॅपचे गट असतात. शाळेकडून निरोप येतो, खाली एकाचा अंगठा येतो, की पाठोपाठ अंगठ्यांची रांग लागते. निरोप किती जणांनी उघडला, किती जणांनी वाचला आणि किती जणांना कळला, हे त्या रांगेवरून सांगता येत नाही. सगळे अंगठे सारखेच पिवळे.

माझ्या मामाच्या गावी जे घडले ते मामीला विचारूनच इथे लिहिते आहे. मामा गलाईच्या धंद्यात, तिकडे दक्षिणेत सोने-चांदी गाळायच्या दुकानात असतो. आपल्या आटपाडी, खानापूर भागातली कितीतरी घरे अशी आहेत. घरी मामी आणि मामेभाऊ. मामी दुसरीपर्यंत शिकलेली. अक्षर लावून वाचते, पण सावकाश. तिच्या मोबाईलवर त्यांच्या शाळेचा गट आहे. त्यात सकाळी सुप्रभातची फुले, मग कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक, मग त्याला तीस जणांच्या शुभेच्छा. या गर्दीत एक दिवस नवोदयच्या फॉर्मचा निरोप आला. चार ओळींचा, शेवटच्या तारखेसकट. सगळ्यांनी अंगठा दिला. मामीनेही दिला. ‘समद्यांनी दाबला, म्हनून म्या बी दाबला,’ असे ती म्हणते. अंगठे पाहून शाळेला वाटले, निरोप पोचला. मामीला वाटले, शाळेचे काहीतरी असेल, शाळा करील. मामेभावाला तर कुणी विचारलेच नाही, कारण निरोप मोठ्यांच्या गटात होता.

तारीख गेली.

आपल्या जिल्ह्याचे नवोदय विद्यालय पलूसला आहे. सहावीपासून तिथे राहणे, जेवण, पुस्तके, शिक्षण हे सगळे सरकारकडून मिळते. निदान ७५ टक्के जागा खेड्यातल्या मुलांसाठी असतात. पण सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा पाचवीत असतानाच द्यायची आणि ती एकदाच देता येते. पुढच्या वर्षी बघू, असे त्यात नाही. मामेभाऊ गणितात हुशार आहे. तो निवडला गेला असताच असे मी म्हणत नाही, परीक्षा अवघड असते. पण बसायला तरी मिळायला हवे होते. तो आता सहावीत आहे आणि हा विषय काढला की उठून बाहेर जातो.

यात दोष कुणाचा, यावर मामाच्या घरी पुष्कळ भांडण झाले. मला वाटते दोष कुणा एकाचा नाही, दोष त्या अंगठ्याचा आहे. पूर्वी लिहिता न येणारा माणूस कागदावर अंगठा उठवायचा आणि त्याची त्याला लाज वाटायची. १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, पुढे ती इतर जिल्ह्यांत पसरली. मोठी माणसे रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरे गिरवायला बसली, ती अंगठा जाऊन सही यावी, वाचता यावे म्हणूनच. आणि आता वाचता येणारी माणसेसुद्धा न वाचता अंगठा देतात!

माझी आजी शाळेत गेलेली नाही. पण निरोप कसा घ्यावा ते तिच्याकडून शिकावे. आजोबाही गलाईतच होते. महिन्या-दोन महिन्यांनी त्यांचे पोस्टकार्ड यायचे. शेजारचा चौथीतला मुलगा वाचून दाखवायचा. आजी त्याला पहिल्यांदा सरळ वाचायला लावायची. मग दुसऱ्यांदा थांबत थांबत. मग ती स्वतः म्हणायची, ‘आता मी सांगते, चुकलं तर बोल.’ आणि सगळा मजकूर आपल्या शब्दांत त्याला परत ऐकवायची. किती पैसे पाठवले, कधी येणार, बैलाचे काय करायचे, सगळे. मगच त्याच्या हातावर गुळाचा खडा पडायचा. उत्तर लिहितानाही तसेच. सांगून झाले की ‘वाच बघू काय लिवलंस ते.’ एकदा त्याने कंटाळून म्हैस व्यायल्याचे लिहिलेच नव्हते. आजीने तिथल्या तिथे पकडले.

जुने ते सगळे चांगले, असे मी म्हणणार नाही. पत्राला आठ-आठ दिवस लागायचे. पोस्टकार्ड उघडे, त्यामुळे घरातली गोष्ट आधी पोस्टमनला आणि मग वाडीला कळायची. आणि तार आली की मजकूर वाचायच्या आधीच रडारड सुरू व्हायची. ती तार २०१३ च्या जुलैत बंद झाली, बरे झाले. मोबाईल मला आवडतो. तो मेंढरांचा वाडा घेऊन फिरणारा मुलगा आहे ना, त्याचे वडील टेकावर चढून रेंज आली की त्याचा आवाजी निरोप ऐकतात आणि आपला आवाज परत पाठवतात. त्यात अंगठा नसतो. ‘आयकलं रं, शनवारी येतो’ असे पूर्ण वाक्य असते.

आपल्या जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव आहे. (वडगावे पुष्कळ आहेत, म्हणून तर पत्त्यावर पिनकोड लागतो. तो १५ ऑगस्ट १९७२ ला सुरू झाला आणि तो सुचवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच होते.) तर त्या वडगावाने २०२२ च्या ऑगस्टमध्ये ठरवले की संध्याकाळी ७ वाजता देवळावरचा भोंगा वाजला की घरोघर टीव्ही आणि मोबाईल बंद, ते साडेआठपर्यंत. मुलांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचे, बोलायचे. वर्तमानपत्रात त्याचे फार कौतुक आले. आपल्याकडेही तसा भोंगा हवा, असे आमच्या वर्गातल्या पुष्कळांना वाटते. मला अर्धे पटते. मोबाईल बंद झाला म्हणजे बोलणे सुरू होईलच असे नाही. आमच्या घरी लाईट गेली तरी आधीचा संवाद असाच असतो.

‘आज शाळेत काय शिकवलं?’

‘काय न्हाय.’

झाले! एवढ्यावर दिवस संपतो. रोज सहा-सात तास आम्ही ‘काय न्हाय’ शिकायला येतो काय? यात मुलांचा आळस आहे, मान्य. पण प्रश्नही तसाच आहे, ‘समजलं का’सारखा. त्याऐवजी ‘आज काय कळलं नाही?’ असे विचारून पाहा. आमच्या घरी दादाने हे सुरू केले आहे. पहिले दोन दिवस मी गप्प बसले, तिसऱ्या दिवशी अर्धा तास बोलत होते. दादाला त्यातले निम्मे येत नव्हते, तो भाग वेगळा.

मुख्याध्यापक गुरुजींना आणि बाईंना माझी विनंती अशी. तारीख असलेला कोणताही निरोप गटावर टाकाच, पण फाटकाजवळच्या काळ्या फळ्यावरही मोठ्या अक्षरात लिहावा आणि परिपाठात मोठ्याने वाचावा. मग एका मुलाने उभे राहून तो आपल्या शब्दांत सांगावा, आजीसारखा. घरी तो निरोप मुलांनीच न्यावा, आणि पालकांनी अंगठ्याऐवजी दोन शब्द लिहावेत: ‘फॉर्म उद्या भरतो,’ किंवा ‘नाही कळलं, फोन करा.’ दुसरे लिहिणाऱ्याला शाळेतून फोन जावा. काही जण म्हणतील, यात वेळ जातो. जातो. परिपाठात तीन-चार मिनिटे जातील. फुलांचे आणि केकचे निरोप बंद केले तर ती सहज भरून निघतील, असा माझा हिशोब आहे.

वर्गासाठी आम्ही सातवीच्या मुलींनी बाईंच्या परवानगीने एक सुरुवात केली आहे. या फलकाच्या डाव्या बाजूला कोरा कागद लावला आहे, दोरीला पेन्सिल बांधली आहे. ज्याला जे समजले नाही ते त्याने तिथे लिहावे. नाव लिहू नये. ‘न्हाय’ लिहिले तरी चालेल. दर शुक्रवारी शेवटच्या तासाला बाई त्यातले प्रश्न घेणार आहेत. काल संध्याकाळपर्यंत तीन प्रश्न आले होते. एक, छेद समान करताना वरचा आकडा का बदलतो. दोन, चंद्र दिवसा कधी कधी दिसतो तो कसा काय. तिसरा प्रश्न मोठ्या माणसाच्या अक्षरातला आहे, बहुतेक कुणाच्या तरी आईचा. त्यात विचारले आहे की, शाळेच्या गटावर आलेला जुना निरोप परत कसा शोधायचा.

– एक विद्यार्थिनी, इयत्ता सातवी