सूर हराम, मग मिरजेचं काय?

‘संगीत हराम आहे’ असं कुणी ठणकावलं, की मी त्याला मिरजेला चल म्हणतो. उस्ताद अब्दुल करीम खाँ (मृत्यू १९३७) तिथल्या ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्यात विसावलेत आणि उरुसात त्यांच्या स्मरणार्थ संगीतसभा भरते. त्याच गावात मुस्लिम सतारमेकर पिढ्यान्‌पिढ्या भोपळ्यातून सूर काढत आलेत. २०२४ मध्ये मिरजेच्या सतार-तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मानांकनातून कारागीर जन्माला येत नाही. त्यासाठी घरात सुराला इज्जत लागते.

२०२३ मध्ये तालिबानने हेरातमध्ये वाद्यं जाळली, तेव्हा आपण हळहळलो. आपल्या मोहल्ल्यात आग लावावी लागत नाही. तबला शिकणाऱ्या पोराला मारलेला टोमणा पुरतो.

उलेमांमध्ये यावर शतकानुशतकं मतभेद आहेत. इमाम गझालींनी समाअला अटींसह मुभा दिली. मग सर्वांत कडक मत तेवढाच दीन कसा?

माझं म्हणणं एवढंच: उरुसाच्या वर्गणीतून डीजे आणता, त्यातले थोडे पैसे गाणं-वाजवणं शिकवणाऱ्या उस्तादाला द्या. आणि मुलींनाही शिकू द्या. वारसा भाषणात नाही, रियाजात टिकतो.