पाना-पक्कड : वाकड्या हँडलचे ब्रेक

मंडळी, ऑक्टोबर सरता सरता मस्कतची हवा माणसात येते आणि पहाटे कुरुमच्या किनाऱ्याकडच्या रस्त्यावर सायकली दिसायला लागतात. त्यांत अलीकडे काही जुन्याही असतात. मायदेशी परतणाऱ्या एखाद्या युरोपीय कुटुंबाने जाता जाता विकलेल्या, नाहीतर कुणी सुटीहून येताना खोक्यात घालून आणलेल्या. बारीक नळ्या, पातळ चाकं आणि मेंढ्याच्या शिंगांसारखं खाली वळलेलं हँडल. रंग उडालेला असला तरी अंगकाठी अशी सडपातळ, की माणसाने प्रेमात पडावं. आपल्या मंडळातल्याही दोघातिघांनी अशा सायकली घेतल्या आहेत आणि आमच्याकडे येणारा त्यांचा प्रश्न एकच : "ब्रेक धड हातात येत नाहीत हो, नक्की बसवायचे तरी कुठे?"

प्रश्न किरकोळ वाटेल. पण इथल्या दंतवैद्यांची फी ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तो किरकोळ समजू नये.

आपल्या लोकांना हा प्रश्न नवा वाटतो त्याला कारण आहे. आपण ज्या सायकलींवर टांग मारायला शिकलो, त्या हीरो, अ‍ॅटलस, रॅले वगैरे, त्यांचे ब्रेक सळईचे. लिव्हर हँडलच्या खाली हँडललाच धरून. ती वर-खाली सरकवायचा प्रश्नच नाही. पुण्याला सुटीवर गेलात तर कर्वेनगरात विक्रम पेंडसे यांनी २०१७ साली सुरू केलेलं जुन्या सायकलींचं संग्रहालय जरूर पाहा. सळईचा ब्रेक म्हणजे काय ते मुलांना तिथे दाखवता येईल. पुढे कॉलेजातल्या पोरांकडे हीरो हॉकसारख्या वाकड्या हँडलच्या सायकली आल्या. त्यांचे ब्रेक दुकानदाराने जिथे आवळून दिले तिथेच राहिले. काही बहाद्दरांनी तर हँडलच उलटं करून शिंगं आभाळाकडे केली! त्या फॅशनबद्दल आम्ही इथे अधिक बोलत नाही.

तर मुळात हे हँडल वाकडं कशासाठी? हातांना जागा बदलता याव्यात म्हणून. एक पकड वरच्या आडव्या नळीवर, दुसरी पुढे ब्रेकच्या रबरी टोपीवर, आणि तिसरी खाली, शिंगाच्या वळणात. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणारे स्वार आठवा. 'घाटाचा राजा' व्हायचं तर पेडलवर उभं राहून, ब्रेकच्या टोप्या मुठीत धरून हँडल ओढावं लागतं. म्हणजे चढावर लिव्हर ही ब्रेक नसतेच, ती धरायची खुंटी असते. उतारावर मात्र तीच लिव्हर जीव वाचवायची वस्तू होते, आणि तेव्हा हात खाली वळणात असावा लागतो. एकाच वस्तूकडून दोन कामं घ्यायची म्हटल्यावर ती बसवायची कुठे हा तंटा आलाच.

जुन्या लिव्हरच्या बाबतीत हा तंटा उताराच्या बाजूने सोडवावा असं आमचं स्पष्ट मत आहे. का, ते अडकित्त्यावरून कळेल. सुपारी खिळीजवळ ठेवायची आणि दांडे पार टोकाशी धरायचे, की कट्कन तुकडा पडतो. तेच दांडे खिळीजवळ धरून दाबा. सुपारी हलणारसुद्धा नाही. जुन्या ब्रेकची खीळ असते वर, टोपीच्या आत. हात टोपीवर असला की बोटं खिळीजवळ पडतात आणि कितीही दाबलं तरी चाक आपल्याच मर्जीने थांबतं. हात खाली वळणात असला की बोटं लिव्हरच्या टोकाशी जातात आणि दोन बोटांत काम होतं.

नव्या रेसच्या सायकलींचं गणित वेगळं आहे. १९८०च्या दशकात ब्रेकची केबल टेपखालून न्यायची पद्धत आली आणि लिव्हरची घडण बदलली. १९९०च्या सुमारास शिमानोने गिअरही ब्रेकच्या लिव्हरमध्येच आणले. या लिव्हरना टोपीवरूनही चांगला जोर मिळतो, म्हणून त्या उंच बसवतात आणि स्वार बहुतेक वेळ टोपीवरच हात ठेवून असतो. अडचण इथे होते. आपण दुकानात नवी सायकल पाहतो, किंवा टीव्हीवर शर्यत पाहतो, आणि घरच्या १९७२ सालच्या सायकलचे ब्रेक तसेच वर चढवतो. दिसायला झकास. टोपीवर हात ठेवला तर जोर नाही, आणि खाली हात नेला तर बोटं लिव्हरपर्यंत पोहोचत नाहीत. दोन्हीकडून वजाबाकी.

आता जुना नियम सांगतो. जुन्या सायकलवाल्यांचा हा पाठच आहे आणि त्याला एक फूटपट्टी पुरते. आधी हँडलचा कोन ठरवा. शिंगाची खालची सरळ बाजू जमिनीला समांतर ठेवा, किंवा तिचं मागचं टोक किंचित खाली. ती रेषा मागे वाढवली तर मागच्या ब्रेकच्या आसपास जावी, इतपतच. मग त्या सरळ बाजूला खालून फूटपट्टी लावायची आणि तिचं टोक पुढे येऊ द्यायचं. लिव्हरचं खालचं टोक त्या पट्टीला टेकलं पाहिजे. झालं. गोल वळणाच्या जुन्या हँडलला हा नियम चपखल बसतो.

यावर तक्रार येते की टोपी फार उतरती झाली, हात पुढे घसरतो. खरं आहे. एखाद सेंटिमीटर वर घ्यायला हरकत नाही, पण खाली हात ठेवून दोन बोटं लिव्हरच्या टोकाशी सहज जातात की नाही हे पाहून. काही लोक लिव्हर न हलवता सगळं हँडलच वर फिरवतात, म्हणजे टोपी सपाट होते आणि शिंगांची टोकं जमिनीकडे बघायला लागतात. मग खाली हात धरायची सोयच संपली. तसं करू नये.

लिव्हर हलवायची कशी? ती हँडलला एका पट्ट्याने आवळलेली असते आणि त्या पट्ट्याचा स्क्रू लिव्हरच्या पोटात असतो. आधी खाली ब्रेकपाशी केबल सोडवा, मग लिव्हर पूर्ण दाबली की आत स्क्रूचं डोकं दिसेल. लांब दांड्याचा स्क्रू ड्रायव्हर लागतो. काहींना छोटा पाना. अर्धा फेरा सैल केला की लिव्हर ठोकाठोकी न करता सरकली पाहिजे. दुसऱ्या सायकलची लिव्हर आणून लावत असाल तर पट्ट्याचं माप बघा. वाकडी हँडलं बहुधा २३.८ मिलिमीटर जाडीची, पण जुनी लोखंडी २२.२ चीही असतात. बारीक नळीवर मोठा पट्टा कितीही आवळला तरी चढावर जोर लावताच लिव्हर हातात फिरते. मध्ये पत्र्याची पट्टी घालून भागवणारे आहेत. आम्ही त्यांच्या मागून उतार उतरत नाही.

दोन्ही लिव्हर एका उंचीवर आहेत का हे नुसत्या नजरेवर सोडू नका. दोन्ही टोकांवर एक सरळ काठी आडवी ठेवून समोरून पाहा. हँडलशी समांतर दिसली की ठीक.

ज्यांचे हात लहान आहेत, म्हणजे आपल्या बऱ्याच भगिनी आणि शाळकरी मुलं, त्यांना जुनी लिव्हर नियमाप्रमाणे बसवली तरी लांब पडते. त्या सायकली मोठ्या हाताच्या गोऱ्या स्वारांसाठी घडवलेल्या. लिव्हर पूर्ण परत जाऊ नये म्हणून तिच्या खाचेत रबराचा छोटा तुकडा बसवायचा आणि केबलची ढिलाई ओढून घ्यायची, हा एक उपाय. त्याने लिव्हर जवळ येते, पण तिची धावही कमी होते. म्हणून जोरात दाबून पाहा : लिव्हर हँडलला टेकायच्या आत चाक पक्कं धरलं गेलं पाहिजे. नाही जमलं तर वेगळी लिव्हर शोधा. तिथे प्रेमाला मुरड घालावी.

आता जरा महत्त्वाचं, आणि खास इथल्यासाठी. आपल्याकडे उजव्या हाताचा ब्रेक पुढच्या चाकाचा, डाव्याचा मागच्या. इंग्रजांकडून आलेली रीत. आपण डावीकडून चालतो, उजवीकडे वळताना उजवा हात दाखवतो, तेव्हा डाव्या हाताशी मागचा ब्रेक राहतो, असं त्याचं कारण सांगतात. ओमानमध्ये वाहतूक उजवीकडून. युरोपातही बहुतेक ठिकाणी तसंच, आणि तिकडून आलेल्या सायकलींचा डावा ब्रेक बहुधा पुढच्या चाकाचा असतो. थांबवण्याचं बहुतेक काम पुढचाच ब्रेक करतो, कारण थांबताना सगळा भार पुढे येतो. पण तोच एकदम आवळला तर मागचं चाक उचलतं. पुण्यात तीस वर्षं सायकल चालवलेला माणूस घाबरला की डावा हात बिनधास्त आवळतो, कारण त्याच्या हाडांना ठाऊक असतं की तो मागचा. इथल्या सायकलवर तो पुढचा निघतो. म्हणून जुनी सायकल घरी आणली की पहिल्यांदा केबलवरून बोट फिरवत जा आणि कुठला हात कुठल्या चाकाचा हे पाहा. जुन्या पद्धतीच्या डाव्या-उजव्या लिव्हर बहुतेक सारख्याच असतात, त्यामुळे केबलींची अदलाबदल सोपी. फक्त बाहेरच्या आवरणाची लांबी नव्याने कापावी लागते. एका घरात दोन सायकली असतील तर दोन्हींची रीत एकच ठेवा. कुठली, ते चालवणाऱ्यांनी ठरवावं.

उताराचं एवढं माहात्म्य आम्ही का सांगतो? कारण मस्कतच्या पाठीशीच डोंगर आहेत. २०१० साली 'टूर ऑफ ओमान' सुरू झाली तेव्हापासून बौशर-अमेरातचा घाट सायकलवाल्यांत प्रसिद्ध आहे. जबल अल अख्दरची चढण तर ५.७ किलोमीटरची, सरासरी साडेदहा टक्के. २०१५ च्या फेब्रुवारीत याच शर्यतीच्या पाचव्या टप्प्याला आधी वाळूच्या वादळाने गाठलं, मग उन्हाने. पारा चाळिशीच्या घरात आणि उतारावर ब्रेक लावून लावून रिमा तापलेल्या. टायर फुटायला लागले. जगातले निवडक स्वार रस्त्यात थांबले, संयोजकांशी वाद झाला आणि तो टप्पा रद्द झाला. संयोजकांत कोण होते? साक्षात एडी मर्क्स, पाच वेळा टूर द फ्रान्स जिंकलेले. त्यांचे १९७०च्या दशकातले फोटो पाहा : लिव्हर हँडलच्या वळणावर खाली, आम्ही वर सांगितली तशी.

त्या स्वारांचे ब्रेक उत्तम होते, तरी ही गत. आपल्या जुन्या सायकलवर ज्याचा हात टोपीवर आहे आणि ब्रेक लागत नाही, तो घाबरून सबंध उतारभर लिव्हर दाबूनच ठेवतो. रिम तापते, रबर मऊ पडतं, आतली ट्यूब धोक्यात येते. हात खाली असेल तर वळणाआधी जोरात धरायचं, वेग मोडायचा, सोडायचं, रिमेला वारा लागू द्यायचा, असं करता येतं. त्यासाठी लागणारा जोर बोटांत यायचा तर लिव्हर जागेवर हवी. सुरुवात मात्र घाटापासून करू नका. सीबच्या सपाट रस्त्यावर आठ दिवस काढा.

काही जुन्या सायकलींवर आणखी एक प्रकार दिसतो : लिव्हरला जोडलेली दुसरी पट्टी, वरच्या आडव्या नळीखालून जाणारी. आपल्याकडच्या ब्रेकसारखी वाटते म्हणून आपल्या लोकांना ती फार आवडते. ती वाकते, तिची धाव अपुरी पडते आणि टोपीवर हात धरायच्या आड येते. इंग्रजीत तिला 'सुइसाइड लिव्हर' म्हणतात, त्यावरून काय ते समजा. काढून टाका. काढल्यावर लिव्हरची खीळ लांब उरते, ती बदलायला विसरू नका.

आणि हे सगळं करण्याआधी ब्रेकचे रबर बदला. वीस-तीस वर्षांचं रबर दगड झालेलं असतं. लिव्हरवरच्या रबरी टोप्यांचीही तीच कथा. मस्कतच्या उन्हात बाल्कनीत ठेवलेल्या सायकलच्या टोप्या भेगाळून पापडासारख्या तुटतात. सायकल घरात ठेवा. बायको कुरकुरेल, चाकं पुसून आत आणलीत तर कमी कुरकुरेल.

केबल जोडताना तिला लिव्हरच्या डोक्यातून बाहेर पडून मोठं, मोकळं वळण घेऊ द्या. हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून पाहा. कुठे ताणली जात असेल तर आवरण आखूड आहे. टेप मात्र लगेच गुंडाळू नका. आठवडाभर उघड्या हँडलवर चालवा, स्क्रू ड्रायव्हर खिशात ठेवा, लिव्हर दोनचार मिलिमीटर इकडेतिकडे करून पाहा. हाताला पटली की नळीवर पेन्सिलीने खूण करा आणि मग टेप. इथल्या घामाला प्लॅस्टिकपेक्षा सुती बरी.