मजुरीचा दर आणि मागवाल्यांची एकी

भिवंडीच्या यंत्रमाग-व्यवसायाविषयी शासनदरबारी आणि वृत्तपत्रांतून जी चर्चा होते, तीत विजेचा दर, सुताचा भाव आणि परदेशी कापडाची स्पर्धा यांचा उच्चार वारंवार होतो. परंतु सूतही ज्याच्या मालकीचे नाही आणि विणून निघालेले कापडही नाही, जो व्यापाऱ्याकडून बीम व बाण्याचे सूत घेऊन केवळ विणाईच्या मजुरीवर आपले दहा-बारा माग चालवितो, त्या लहान मागवाल्याची मजुरी कोण ठरवितो, हा प्रश्न मात्र क्वचितच कोणी विचारतो.

ती तो स्वतः ठरवीत नाही, हे उघड आहे. मंदीच्या दिवसांत व्यापारी किंवा त्याचा दलाल गल्लोगल्ली दर विचारीत फिरतो. ज्याचे वीजबिल थकले आहे, ज्याला गाळ्याचे भाडे द्यावयाचे आहे, आणि माग बंद राहिल्यास आपले कारागीर गावी निघून जातील अशी ज्याला धास्ती आहे, तो मीटरमागे काही पैसे कमी घेण्यास कबूल होतो, आणि त्याने कबूल केलेला दर पाहता पाहता साऱ्या मोहल्ल्याचा दर होऊन बसतो. त्यातूनही डागाबद्दल, तुटक्या धाग्याबद्दल कपात होते ती निराळीच, आणि उरलेल्या रकमेसाठी तगादा लावावा लागतो. लघुउद्योगाचे देणे जास्तीत जास्त ४५ दिवसांत चुकते करावे, असा २००६ चा कायदा आहे. परंतु त्याखाली एकट्याने फिर्याद गुदरणाऱ्यास पुढचा बीम कोण देणार?

म्हणून मजुरीवर विणणाऱ्या मागवाल्यांनी संघ स्थापून विणाईचा किमान दर एकत्रितपणे ठरवावा आणि त्या दराखाली कोणीही माग चालवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. यावर आक्षेप येईल तो २००२ च्या स्पर्धा अधिनियमाचा. त्याच्या तिसऱ्या कलमानुसार परस्परांशी स्पर्धा करणाऱ्यांनी संगनमताने दर ठरविणे हे स्पर्धेला घातक असल्याचे गृहीत धरले जाते, आणि कायद्याच्या दृष्टीने दहा मागांचा धनी हा स्वतंत्र उद्योजकच आहे. कायद्याचा हेतू मला मान्य आहे. सिमेंटच्या कंपन्यांनी एकत्र येऊन भाव चढविले तर घर बांधणारा सामान्य माणूस भरडला जातो. परंतु ज्याच्यापाशी विकावयास माल नाही, श्रम आणि यंत्राचा वेळ एवढेच आहे, त्याला त्याच तागडीत घालणे न्यायाचे नव्हे. उसाच्या बाबतीत आपण हा विवेक केव्हाच दाखविला आहे. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये कारखान्यांनी द्यावयाचा किमान भाव सरकार ठरविते, आणि तेवढ्यावर न थांबता जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत हजारो शेतकरी वाढीव दराची मागणी जाहीरपणे करतात. त्यास संगनमत म्हणण्याचे कोणाच्या मनातही येत नाही. सनदी लेखापालांची राष्ट्रीय संस्थादेखील आपल्या सदस्यांकरिता शुल्काची शिफारसपर श्रेणी प्रसिद्ध करते. मग विणकरानेच काय अपराध केला?

युरोपात हा वाद वादकांच्या निमित्ताने उपस्थित झाला. वाद्यवृंदात बदली म्हणून वाजविणाऱ्या स्वतंत्र कलावंतांसाठी नेदरलँड्समधील संघटनेने किमान मानधनाचा करार केला, तेव्हा युरोपीय न्यायालयाने २०१४ साली असा निर्वाळा दिला की, जो नावापुरताच स्वतंत्र आहे आणि वस्तुतः नोकराच्याच स्थितीत आहे, त्याच्यासाठी केलेल्या सामुदायिक कराराच्या आड स्पर्धेचा कायदा येत नाही. २०२२ मध्ये युरोपीय आयोगाने ही सवलत एकट्याने काम करणाऱ्या इतर स्वयंरोजगारितांपर्यंत वाढविली.

एकट्याने, हा शब्द मात्र आमच्या मागवाल्यास अडचणीत टाकणारा आहे. कारण तो एकटा नसतो. त्याच्या मागांवर बारा-बारा तासांच्या पाळीत उभे राहणारे कारागीर असतात, आणि व्यापाऱ्यापुढे तो जितका दुबळा, तितकेच ते त्याच्यापुढे दुबळे असतात. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला आणि गिरण्यांचे विणकाम मोठ्या प्रमाणावर भिवंडीच्या मागांकडे वळले, याचे एक कारण हेच होते की येथील कामगार लहान लहान गाळ्यांतून विखुरलेला होता आणि त्याची संघटना दुर्बळ होती. ज्या विखुरलेपणावर मागवाल्याचा धंदा वाढला, त्याच विखुरलेपणाने आज त्याची स्वतःची मजुरी पडते आहे. तेव्हा मागवाल्यांच्या संघाने वाढवून घेतलेल्या दरातील ठरावीक हिस्सा कारागिराच्या मीटरमागील मजुरीत गेला पाहिजे, आणि तसे करारात लिहिलेले असले पाहिजे. अन्यथा त्या संघाच्या बाजूने एक अक्षरही लिहिण्याची माझी तयारी नाही.

दुसरी अट सक्तीविषयी. चित्रपट कामगारांच्या महासंघाने निर्मात्यांनी केवळ आपल्याच सदस्यांना काम द्यावे असा आग्रह धरला, त्यास स्पर्धा आयोगाने २०१७ साली दोष दिला, आणि ते योग्यच झाले. ज्यास संघात यावयाचे नाही त्याचे माग बंद पाडण्याचा अधिकार कोणासही असू नये.

या दोन अटी पाळून मजुरीवर काम करणाऱ्या लहान मागवाल्यांना तिसऱ्या कलमातून सूट देण्याची तजवीज संसदेने करावी. ती होईपर्यंतही कामगार खात्याने व्यापारी, मागवाले आणि कारागीर या तिन्ही पक्षांना दरवर्षी एका बैठकीस बोलावून सुताचा भाव, विजेचा दर आणि महागाईचा निर्देशांक समोर ठेवून विणाईच्या खर्चाचा हिशेब जाहीर करण्यास कोणताही कायदा आड येऊ नये.