मान देणं आणि मान डोलावणं

'अधिकाऱ्यांचा मान राखा' असं म्हटलं की निम्म्या लोकांना शाळेतले हेडमास्तर आठवतात आणि उरलेल्यांना अप्रेजल. मी ख्रिस्ती असल्यामुळे मला आणखी एक गोष्ट आठवते. पौलाच्या रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा तेरावा अध्याय. सत्तेच्या अधीन राहा, कर भरा, ज्याचा मान त्याला द्या, असा त्याचा मथितार्थ. यावर चर्चमध्ये उपदेश झाला की मला दर वेळी वाटतं, आपण मान देणं आणि मान डोलावणं यात गल्लत करतोय.

हे पत्र साधारण इ. स. ५७ च्या सुमाराचं. तेव्हा रोमचा बादशहा होता नीरो! म्हणजे 'राज्यकर्ता चांगला असेल तरच मान द्या' अशी पळवाट पौलाने ठेवलेली नाही. पण हाच पौल फिलिप्पै शहरात काय करतो बघा. त्याला आणि सीलाला चौकशी न करता फटके मारून तुरुंगात टाकलं. सकाळी निरोप आला, सोडलंय, जा. पौल हललाच नाही. आम्ही रोमचे नागरिक आहोत, अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन आम्हाला बाहेर न्यावं, असं त्याने कळवलं. आणि ते आले. शिवीगाळ नाही, पळून जाणं नाही. फक्त अधिकाऱ्यांना त्यांचाच कायदा दाखवला.

आता आपल्या देशातलं उदाहरण. १९८५ साली केरळमधल्या एका शाळेने यहोवाचे साक्षीदार पंथाच्या तीन भावंडांना काढून टाकलं. राष्ट्रगीत सुरू असताना ती आदराने उभी राहत, पण गात नसत. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि ११ ऑगस्ट १९८६ ला निकाल मुलांच्या बाजूने लागला. नीट उभं राहण्यात अनादर नाही, असं कोर्टाने मानलं. मी त्या पंथाचा नाही, राष्ट्रगीत मी मोठ्याने म्हणतो. पण विवेकाला पटत नाही ते करायचं नाही आणि तरीही उभं राहायचं, हे त्या पोरांकडून शिकण्यासारखं आहे.

आपल्या रोजच्या जगण्यात मात्र उलटं चालतं. चौकात मामा दिसला की पाय ब्रेकवर, नसला की सिग्नल तोडायचा. पकडलं की पाच वेळा 'साहेब, साहेब' म्हणत हळूच शंभराची नोट पुढे करायची. हा मान आहे? हा तर त्या खाकी वर्दीचा अपमान! टीडीएस पगारातूनच कापला जातो, त्यामुळे कर भरल्याचं श्रेय आपल्याला नाही. घरभाड्याच्या खोट्या पावत्या जोडायच्या की नाही, तिथे खरी परीक्षा असते.

ऑफिसातही तेच. कॉलवर 'येस, शुअर' आणि कॅन्टीनमध्ये बॉसची नक्कल. एका प्रोजेक्टवर माझ्या मॅनेजरने टाइमशीटमध्ये न केलेले तास भरायला सांगितले. क्लायंटला बिल लावायचं होतं. मी टीमसमोर काही बोललो नाही. मीटिंग रूममध्ये एकट्याला गाठून सांगितलं, सर, तुम्ही सांगाल ते काम शनिवारी येऊन करतो, पण हे लिहिणार नाही. त्या वर्षीचं रेटिंग काय आलं ते विचारू नका. पण पाठीमागे त्यांची टिंगल करावी असंही मला वाटलं नाही.

आणि हो, हे चर्चलाही लागू आहे. पाळकसाहेबांना वार्षिक सभेत हिशोब विचारला की काही वडीलधाऱ्यांना तो उद्धटपणा वाटतो. मला वाटतं, तोंडावर हिशोब विचारणारा माणूस त्यांना जास्त मान देतो. पार्किंगमध्ये कुजबुजणारा नाही.

मान डोलवायला काही लागत नाही हो. मान द्यायला मात्र पाठीचा कणा लागतो, आणि जिभेवर ताबाही.

तुम्हाला काय वाटतं?